काचेला लागणारा गंज

लोखंड गंजते, हे घरातल्या विळीवरून सर्वांना ठाऊक असते. काचही गंजते असे म्हटले, तर मात्र ऐकणारा साशंक होतो. काचेची बरणी वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहिलेली त्याने पाहिलेली असते. बरणीपुरते त्याचे म्हणणे चूक नाही. पण केसाएवढा बारीक तंतू ताणून ठेवला, म्हणजे हा अदृश्य गंज आपला प्रताप दाखवू लागतो.

दूरध्वनीचे संभाषण वाहून नेणारा प्रकाशतंतू शुद्ध सिलिकेचा असून त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा असते. नुकताच ओढलेला, कशाचाही स्पर्श न झालेला तंतू सुमारे सहा किलो वजन पेलतो. तोच, त्यावर एक मायक्रॉन खोलीचा ओरखडा पडला, की किलोभर वजनानेही तुटतो. काचेचे बळ तिच्या पृष्ठभागाच्या निर्दोषपणावर अवलंबून असते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास काचेचे धागे तोडूनच सिद्ध केले.

ओरखड्याच्या टोकाशी सारा ताण एकवटतो आणि तेथील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध ओढले जातात. हवेतील बाष्पाचा रेणू तेथे शिरला, म्हणजे असा बंध तुटतो, चीर किंचित पुढे सरकते व पुढचा बंध ताणाखाली येतो. त्यामुळे आज शाबूत दिसणारा तंतू त्याच भाराखाली काही महिन्यांनी अकस्मात तुटू शकतो. हिरकणीने काचेवर ओढलेली रेघ ओली करणारा कारागीर याच गुणाचा फायदा घेतो! ताण नसतानाही उष्ण, दमट जागी पाणी उघड्या तंतूचा पृष्ठभाग हळूहळू खडबडीत करते, ते निराळेच.

म्हणून तंतू भट्टीतून ओढला जात असतानाच त्यावर प्लास्टिकचा लेप चढवितात. हा लेप ओरखडे टाळतो. बाष्प मात्र त्यातून झिरपतेच. ते अडविण्यास कार्बनचा अतिपातळ थर लागतो.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात तांब्याच्या बाष्पावर चालणाऱ्या लेसरपासून २५५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण मिळवून तंतूंत ब्रॅग जाळी कोरण्याचे काम झाले आहे. तापमान व ताण मोजण्यास असे तंतू उपयोगी पडतात. पण जाळी कोरण्यासाठी सामान्यतः तेवढ्या जागेचा लेप सोलावा लागतो. सोलण्याच्या हत्याराचा ओरखडा आणि माळव्यातील आषाढाची ओली हवा यांची गाठ नेमकी तेथेच पडते. आणि पुढे वर्षानुवर्षे ताण सोसायचा असतो तोही त्याच जागेने. म्हणून जाळी कोरून होताच त्या उघड्या भागावर पुन्हा लेप चढवावा लागतो.