परवान्याचा पैसा

वृत्तपत्रसम्राट म्हणून गाजलेले रॉय थॉमसन १८९४ साली टोरांटोत एका न्हाव्याच्या घरी जन्मले. शेतीत हात पोळल्यावर ते पुढे उत्तर ओंटारिओत रेडिओ विकू लागले. पण तिकडे कुठलेच केंद्र धड ऐकू येईना. मग रेडिओ घेणार कोण? म्हणून १९३१ साली गड्याने स्वतःचेच केंद्र काढले! नंतर वृत्तपत्रे आली; १९५३ साली ‘स्कॉट्समन’, १९५९ साली ‘संडे टाइम्स’. मात्र लक्ष्मीचा पूर लोटला तो १९५७ च्या स्कॉटिश टेलिव्हिजनमधून. हा परवाना म्हणजे नोटा छापण्याचा परवाना, असे ते उघड बोलले. मालकाचा असा प्रांजळपणा आम्हां कामगार चळवळीतल्यांना क्वचितच लाभतो.

१९६२ साली त्यांनी पन्नास लाख पौंड देऊन थॉमसन प्रतिष्ठान स्थापिले. या प्रतिष्ठानाने आशिया-आफ्रिकेतील पत्रकारांना कार्डिफला बोलावून त्यांचा धंदा शिकविला. हे दान मी मोठे मानतो, कारण हाती आलेले कसब कोणी काढून घेत नाही. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. आकाशातील लहरी सर्वांच्या, परवाना सार्वजनिक. म्हणजे त्या देणगीत स्कॉटलंडच्या जनतेचाही वाटा होता. प्रतिष्ठानाला नाव मात्र एकट्या थॉमसनांचे पडले.