रत्नागिरीस दोन दिवस

समुद्रकांठचें शहर पाहावयाचें म्हटलें कीं आमच्याकडील घरांतून बेत ठरतो तो बहुधा गणपतीपुळ्याचा. रत्नागिरी हें तिकडे जातांना लागणारें स्टेशन; थिबा राजवाडा घाईनें पाहावा व पुढें निघावें, असा परिपाठ पडून गेला आहे. श्रींच्या दर्शनाविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु रत्नागिरीस स्वतंत्रपणें दोन दिवस द्यावेत, अशी वाचकांस आमची आग्रहाची सूचना आहे. बरोबर वृद्ध मंडळी असल्यास तें अधिकच सोयीचें, कारण पाहण्याजोगीं बहुतेक स्थळें शहरांत किंवा शहरालगत आहेत.

जाण्याचा काळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. पावसाळ्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. हिवाळ्यांत आकाश निरभ्र असतें, पण दुपारचें ऊन तेव्हांहि प्रखरच. म्हणून सकाळ-संध्याकाळ समुद्राची व दुपार छपराखालची, अशी वांटणी करावी.

सकाळीं रत्नदुर्गावर जावें. घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला असून बालेकिल्ल्यांत भगवतीचें देऊळ आहे. शहराच्या किनाऱ्यावर एकीकडे पांढरी वाळू व दुसरीकडे काळसर. लोक त्यांस पांढरा समुद्र व काळा समुद्र असेंच म्हणतात. हा काळिमा पाण्याचा नव्हे. अग्निजन्य खडक झिजून त्यांतील जड, लोहयुक्त कण वाळूंत सांचतात, त्यांचा तो रंग. मुलांच्या खिशांत एक लोहचुंबक असूं द्यावा. काळ्या वाळूंतून फिरविला म्हणजे शाळेंतला धडा त्यांस आपोआप आठवेल.

दुपार थिबा राजवाड्याकरितां राखून ठेवावी. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढील वर्षीं येथें आणून ठेविलें. त्याच्याकरितां हा वाडा बांधून झाला तो १९१० च्या सुमारास; म्हणजे चोवीस वर्षें अन्यत्र काढल्यावर राजास या वाड्यांत जेमतेम सहा वर्षें लाभलीं. १९१६ सालीं तो येथेंच वारला. इंग्रजांची नीति पाहा! दिल्लीच्या बहादूरशहास त्यांनीं रंगूनला नेलें आणि ब्रह्मदेशच्या राजास कोंकणांत आणलें. १९१९ सालीं राणी व राजकन्या स्वदेशीं गेल्या. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली आणि १९४७ सालीं येथेंच निवर्तली. वाड्याच्या बाजूनें भाट्याची खाडी व पलीकडचा समुद्र दिसतो. आपणांस जें दृश्य रम्य वाटतें, तेंच रोज पाहणाऱ्या बंदिवानास कसें वाटत असेल, याचा विचार तेथें क्षणभर थांबून करावा. शहरांत राजाची समाधि आहे, तिकडेहि अवश्य जावें.

दुसरे दिवशीं टिळक आळींतील लोकमान्यांचें जन्मस्थान पाहावें. १८५६ सालीं ते येथें जन्मले. तेथून पतितपावन मंदिरांत जावें. सावरकरांस १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी होती. त्या स्थानबद्धतेंत त्यांच्या पुढाकारानें व भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यानें हें देऊळ १९३१ सालीं उभें राहिलें व सर्व जातींच्या हिंदूंस उघडलें. अशा गोष्टींस त्या काळीं आमच्यासारख्या घरांतूनच पुष्कळ विरोध होत असे, हें मुलांपासून लपवूं नये. पूर्वी देवळांत येऊं न दिलेलीं माणसें कोठें उभीं राहात, असें नातवंडानें विचारलें तर उत्तर देतांना आजोबांची जीभ अडखळेल. तरी उत्तर द्यावें.

संध्याकाळीं भाट्याचा किनारा. सुरूचें बन, झरीविनायकाचें देऊळ, आणि बागाइतीची आवड असल्यास १९५५ सालीं स्थापन झालेलें नारळ संशोधन केंद्र. सूर्यास्त पाहण्यास याहून निवांत जागा शहरांत नाहीं. मुलांस मात्र पाण्यांत एकटें सोडूं नये.

फाल्गुनांत गेल्यास ओल्या काजूची उसळ व सोलकढी चुकवूं नये. हापूस तेव्हां अद्याप पुरता अढींत पडलेला नसतो. त्याकरितां चैत्र-वैशाखाचा उकाडा सोसावा लागेल.