सोड्यात सापडलेलं पॅलेडियम

२००३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या निकोलस लेडबीटर यांनी जाहीर केलं, की सुझुकी अभिक्रिया पॅलेडियमशिवायही होते. पाण्यात, मायक्रोवेव्हच्या उष्णतेत, सोडियम कार्बोनेटच्या संगतीत दोन कार्बनी वलयं जोडली गेली होती. उत्प्रेरक धातू घातलाच नव्हता. दोन वर्षांनी त्यांच्याच गटाने फेरतपासणी करून खुलासा केला. बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच, म्हणजे धुण्याच्या सोड्यातच, पॅलेडियमचा अंश होता. प्रमाण अब्ज भागांत सुमारे ५०. तेवढ्यानेच काम झालं होतं.

हा धातू करतो तरी काय? कार्बन-ब्रोमीन बंधात पॅलेडियमचा अणू शिरतो, मग बोरॉनला धरून बसलेला दुसरा कार्बन आपल्याकडे ओढून घेतो. दोन्ही कार्बन शेजारी आले की त्यांची गाठ बांधून स्वतः मोकळा होतो आणि पुढच्या जोडीकडे वळतो. रक्तदाबावरच्या लोसार्टनमधली दोन बेंझीन वलयं जोडायला हीच अभिक्रिया वापरली गेली. अशा जोडणीसाठीच हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं.

इतका थोडा धातू पुरत असूनही प्रयोगशाळेत शंभर रेणूंमागे एक ते पाच अणू पॅलेडियम सर्रास घालतात. रशिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून मुख्यतः येणाऱ्या या दुर्मीळ धातूची ही उधळपट्टीच म्हणायची. शिवाय पोटात घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाता कामा नये. त्यामुळे आधी भरपूर घालायचं आणि मग खर्च करून ते काढत बसायचं, असा उफराटा कारभार चालतो.

पण मला जास्त खटकतो तो द्रावकांचा वापर. औषधनिर्मितीत एक किलो मालामागे २५ ते १०० किलो कचरा निघतो, असा हिशेब रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडला होता. त्यात मोठा वाटा टोल्यूइन, डीएमएफ यांसारख्या द्रावकांचा. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रूस लिपशुट्झ यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. ई जीवनसत्त्वापासून त्यांनी साबणासारखा एक पदार्थ बनवला. तो पाण्यात दोन टक्के मिसळला की त्याचे रेणू गोळा होऊन नॅनोमीटर आकाराचे गोलक बनतात. पाण्याला न जुमानणारे तेलकट रेणू त्या गोलकांत शिरतात, दाटीवाटीने जवळ येतात आणि जोडणी बरेचदा खोलीच्या तापमानालाच उरकते. २०१५ मध्ये त्यांनी सचिन हांडा आणि नोव्हार्टिसमधल्या संशोधकांसह लोखंडाचे नॅनोकण वापरले. त्यांत पॅलेडियम दशलक्षांत काहीशे भागच होतं. एवढ्यावर सुझुकी अभिक्रिया पार पडली.

त्यांच्या पद्धतीत तयार माल थोड्याशा इथिल ॲसिटेटने काढून घ्यायचा आणि मागे उरलेलं पाणी, साबण-उत्प्रेरकासकट, पुढच्या खेपेला वापरायचं. खरी बचत इथेच ठरते. म्हणून ‘हरित’ म्हणवणारा शोधनिबंध हाती आला, की मी आधी माल वेगळा करायला आणि धुवायला किती द्रावक लागला ते शोधतो. अभिक्रिया पाण्यात झाली, पण माल काढायला पिंपभर द्रावक ओतला, तर शेल्डन यांच्या हिशेबात ते पिंपही धरावं लागतं.