माळरानावरील डोंगरी सायकल

नांदेड शहरातून गोदावरीचा पूल ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात विष्णुपुरीचा परिसर येतो. एका अंगाला डॉ. शंकरराव चव्हाण प्रकल्पाचा जलाशय, दुसऱ्या अंगाला १९८१ साली स्थापन झालेले श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी अस्तित्वात आलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, आणि या साऱ्यांच्या पाठीमागे कुसळी गवताने व वेड्या बाभळींनी व्यापलेला, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर एरवी करडा दिसणारा मुरमाड माळ. या माळाकडे आजवर गुराख्यांखेरीज कोणी विशेष आस्थेने पाहिले असेल असे वाटत नाही. परंतु अलीकडे जाड टायरांच्या, गियरच्या, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग बसविलेल्या सायकली घेऊन डांबरी रस्ता सोडून अशा माळावर शिरणारी तरुण मंडळी ठिकठिकाणी दिसू लागली आहेत, आणि त्यांना पाहून गावातील वडीलधारी माणसे जो प्रश्न विचारतात तो अगदीच गैरवाजवी नाही: जिथे डोंगरच नाही तिथे डोंगरातली सायकल कशाला?

या प्रश्नाचे पहिले उत्तर भूगोलात आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर, तर लातूर सहाशे मीटरच्या वर; दोहोंच्या दरम्यान बालाघाटाच्या रांगेचा पूर्वेकडील, झिजत झिजत ठेंगणा होत गेलेला भाग कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या तालुक्यांतून पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे येथे नाहीत हे खरे. पण डोंगरी सायकलीस कडा लागतच नाही, तिला चढउताराची, खडबडीत आणि वळणावळणाची वाट लागते, आणि असल्या वाटांची या मुलखात मुळीच वाण नाही.

दुसरे उत्तर या सायकलीच्या जन्मकथेत सापडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यातील काही तरुणांनी महायुद्धापूर्वीच्या, फुगीर टायरांच्या, एकाच गियरच्या जुनाट सायकली भंगारातून उचलून डोंगरातील मातीच्या रस्त्यावरून खाली सोडण्याचा खेळ सुरू केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली, ती जेमतेम दोन मैलांत तेराशे फूट खाली येणाऱ्या एका रस्त्यावर. या उतारावर मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि दर फेरीनंतर हब उघडून ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या रस्त्याचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ या कारागिराने खास या कामासाठी सांगाडा घडविला. १९८१ साली कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली स्टम्पजंपर ही सायकल बाजारात आली. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भंगारातील सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघ्या वीस वर्षांचा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय पातळीवरील माउंटन बाइक स्पर्धांत जे यश मिळविले आहे, ते महानगरी सोयींवाचूनही हा खेळ साधतो याचा पुरेसा दाखला आहे.

आपल्याकडे तर या वाटा सायकलीला अपरिचित कधीच नव्हत्या. पहाटे दुधाचे कॅन लटकावून शिवारातून गावात येणारा गवळी, परगावच्या शाळेवर जाणारे गुरुजी, टपालाची पिशवी सांभाळणारा पोस्टमन, यांनी काळ्या, अवजड, अठ्ठावीस इंची सायकलीवरून याच पाणंदी अनेक दशके तुडविल्या. त्यांच्या त्या कष्टाला क्रीडा म्हणण्याचे धारिष्ट्य कोणी केले नाही, एवढेच.

तेव्हा वाट शोधण्यासाठी परदेशी चित्रफिती पाहण्यापेक्षा सरकारी दप्तर पाहणे अधिक फलदायी आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक मौजाचा गाव-नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असतो. त्यावर दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषेने पायमार्ग दाखविलेला असतो, आणि गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, तर पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. निजामी अमलात १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्याने चालणारा या भागाचा महसुली कारभार पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली आला. अंमल बदलले, पण वहिवाटीच्या वाटा बहुतांशी त्याच राहिल्या. त्यांतील कित्येक आज नांगराखाली गेल्या आहेत किंवा बाभळींनी बुजल्या आहेत. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये अडविलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे, आणि २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्त्यांची कामेही निघतात. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवावा. नकाशावरील गाडीमार्ग सार्वजनिक असतो. उलट संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून जी वाट दिली जाते ती शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाता यावे म्हणून दिलेली असते, आणि हौसेने फिरणाऱ्या सायकलस्वाराने तिच्यावर हक्क सांगणे शोभत नाही.

वाट मिळाली तरी ती केव्हा चालवावी हे माती ठरविते. काळी, कसदार जमीन ओली झाली की तिच्यातील चिकण फुगते आणि मळलेल्या कणकेसारखी टायरला, चिमट्याला, ब्रेकला अशी चिकटते की चाक फिरणेच बंद पडते व स्वारावर सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. शिवाय ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी वाळून घट्ट होते आणि पुढे कित्येक महिने बैलगाडीवाल्यालाही जाचते. तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि काही भेगा चाक अडकण्याइतक्या रुंद असतात. मुरमाच्या माळाचे तसे नाही; पाऊस थांबून ऊन पडले की दुसऱ्या दिवशी तो वापरण्याजोगा होतो, फक्त उतारावर सुट्या खड्यांवरून चाक घसरण्याचे भय राहते. सारांश, पावसाळ्यात माळ धरावा, सोयाबीन निघून वाटा वाळल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात पाणंदीत उतरावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्यापूर्वी घरी परतावे.

आता सायकलीविषयी. आपल्या खेडोपाडी जाड टायरच्या कोणत्याही सायकलीस ‘रेंजर’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि एका कंपनीच्या एका सायकलीचे नाव साऱ्या जातीस चिकटावे यातच तिची लोकप्रियता दिसते. परंतु नवखा ग्राहक दुकानात गेला की त्याची नजर पुढेमागे दोन्हीकडे ‘शॉकअप’ असलेल्या, भडक रंगाच्या सायकलीवर खिळते, आणि बाप-लेक दोघेही समाधानाने तीच घेऊन घरी येतात. ही निवड बहुधा चुकते. स्वस्त किमतीत मागचा शॉकअप बसवायचा तर कारखानदाराला काटकसर दुसरीकडे, म्हणजे ब्रेक, हब आणि गियर यांतच करावी लागते. वजन वाढते, पायडलला दिलेला जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जातो, आणि वर्षभरात सांधे खिळखिळे होतात. आपल्या माळांसाठी मागचा सांगाडा ताठ असलेली, पुढच्या चिमट्यात शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणारी, डिस्क ब्रेकची सायकल उत्तम. आणि पैसे मोजकेच असतील तर पुढेही साधा ताठ चिमटा परवडेल, पण ब्रेक व टायर यांत कसर करू नये. चाके पूर्वी सव्वीस इंची असत. आता साडेसत्तावीस व एकोणतीस इंची चाके रूढ झाली आहेत, आणि दगडगोट्यांवरून मोठे चाक अधिक सहज जाते. मात्र सांगाडा आपल्या उंचीच्या मापाचा असणे हे चाकाच्या मापाहून महत्त्वाचे आहे, आणि दुकानदार पुष्कळदा शिल्लक असलेले माप गळ्यात मारतो.

टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद असावा व त्यात हवा बेताची, म्हणजे स्वाराच्या वजनाप्रमाणे पंचवीस ते पस्तीस पौंड असावी. दगडासारखा कडक टायर मुरमावर उड्या मारतो, पकड सोडतो. पेट्रोलपंपावरील यंत्राने हवा भरण्याची सवय येथे घातक, कारण तेथील रेटा क्षणात मर्यादा ओलांडतो. स्वतःचा छोटा पंप आणि दाबमापक बाळगावा.

आणि काटे! मराठवाड्यात या खेळाचा खरा प्रतिस्पर्धी चढ नसून काटा आहे, हे ज्याने एकदाही गाडीवाट धरली आहे त्याला सांगावे लागणार नाही. बाभळीचा लांब पांढरा काटा निदान दिसतो, वाकून काढता येतो. सराटा हा अधिक कपटी. पावसाळ्यात पिवळ्या नाजूक फुलांनी माळ सजविणारी ही वेल हिवाळा लागता वाळते, तिच्या फळांची टणक शकले सुटी होतात आणि त्यांची ठेवणच अशी की कशीही पडली तरी एखादा काटा वर राहावा. म्हणजे वाटा ज्या ऋतूत सर्वांत रमणीय होतात नेमका तोच सराट्यांचा हंगाम. एका फर्लांगात ट्यूबला आठ-दहा छिद्रे पडली तर ठिगळ लावणार तरी किती? यावर उपाय असा की ट्यूब काढून टाकून त्या जातीच्या रिंगेवर ट्यूबलेस टायर चढवावा व आत सीलंट नावाचा पातळ रबरी द्रव घालावा. काटा घुसताच हा द्रव छिद्रात येऊन गोठतो आणि हवा कोंडून धरतो. आपल्या उन्हात तो दोन-चार महिन्यांत सुकतो, म्हणून टायर मधूनमधून तपासून पुन्हा भरावा लागतो. ज्यांच्या रिंगेला हे साधत नाही त्यांनी ट्यूबमध्ये चालणारा द्रव वापरावा, आणि तेवढ्यावर न विसंबता जादा ट्यूब, सोल्यूशन, ठिगळे, पाने व काटा उपसण्याचा बारीक चिमटा पिशवीत ठेवावा. शिवारात पंक्चरचे दुकान नसते, आणि असले तरी तेथील कारागीर, जो डोळ्यांच्या अंदाजाने रिंगेचा आऊट काढतो आणि ज्याच्या हाताला तोड नाही, त्याच्यापाशी एकोणतीस इंची ट्यूब असेलच असे नाही.

हेल्मेटाविषयी वाद घालू नये, ते घालावे. पाणी दोन बाटल्यांहून कमी नसावे.

उतारावर बसून राहू नये, दोन्ही पायडल समपातळीत ठेवून उभे राहावे, शरीर किंचित मागे न्यावे, दृष्टी चाकापाशी न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो ही आपल्याकडील परंपरागत धास्ती अर्धीच खरी आहे. थांबविण्याची बहुतेक शक्ती पुढच्याच ब्रेकमध्ये असते, तो झटक्याने न दाबता हळूहळू दाबावा इतकेच.

जाण्याजोगी स्थळे पुष्कळ आहेत. विष्णुपुरीहून लोह्याच्या दिशेने गेल्यास वडेपुरीचा रत्नेश्वरीचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या गाडीवाटा नवख्यालाही झेपतील. त्यापुढे राष्ट्रकूटांच्या वैभवाशी नाते सांगणारा कंधारचा किल्ला मन्याड नदीच्या खोऱ्यात आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरजवळचे हत्तीबेट आणि औसा तालुक्यातील खरोसा पाहावे. खरोशाची लेणी जांभ्या खडकात कोरलेली असल्यामुळे तेथील वाटेचा पोत नांदेडच्या काळ्या दगडाहून अगदी निराळा लागतो. माहूर-किनवटच्या सागवनांचा मोह अनावर होण्यासारखा आहे, परंतु पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवान्यावाचून शिरता येत नाही, आणि शिरू नये.

एका गोष्टीबद्दल मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. गायरानांवर आणि टेकड्यांवर जलसंधारणासाठी खोदलेले सलग समतल चर व त्यांचे मातीचे बांध तरुणांना उडी मारण्यासाठी मुद्दाम रचल्यासारखे वाटतात. ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात पाणी अडविणारा बांध चाकाखाली फोडणे हा खेळ नव्हे. उभ्या पिकातून, राखलेल्या गवतातून जाऊ नये. शेळ्यामेंढ्यांचा कळप दिसल्यास उतरून उभे राहावे. भेटेल त्याला राम राम घालावा. वाट शेतकऱ्याची आहे आणि आपण पाहुणे आहोत एवढे भान ठेवले तर विचारपूस होते, पाणी मिळते, प्रसंगी पुढची वाटही कोणी स्वतः येऊन दाखविते.

खास सायकलीसाठी राखीव वाट हवी असल्यास तीही तयार करणे अवघड नाही. वाट उताराला सरळ न पाडता आडवी काढावी, तिचा चढ दर शंभर फुटांस दहा फुटांपलीकडे जाऊ देऊ नये आणि टेकडीच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओलांडून जाते, तिच्यातून वाहत नाही. हा जगभरच्या वाट बांधणाऱ्यांचा नियम समतल चर आखणाऱ्या आपल्या माणसांना नव्याने शिकवावा लागणार नाही. विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोघांपाशी मोकळी जमीन आणि श्रमदानाला तयार विद्यार्थी आहेत. या संस्थांनी मिळून तीन-चार किलोमीटरचे एक वर्तुळ आखून ते गावच्या मुलांनाही खुले ठेवण्याची तजवीज करावी. त्यासाठी लागणारा खर्च कुदळी, फावडी आणि चार दिशादर्शक पाट्या यांपलीकडे फारसा जाणार नाही.