ऋषींची भाजी आणि आमची जीभ

आज भाद्रपद शुद्ध पंचमी. काल घरोघरी गणरायांचे आगमन झाले. आज त्याच घरांत पाटावर सुपाऱ्या मांडून कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींचे व अरुंधतीमातेचे पूजन होईल. आम्हा बुलढाणा जिल्ह्यातील भाविकांना या तिथीचे आणखी एक महत्त्व आहे. श्री गजानन महाराज शेगावी समाधिस्थ झाले तो ८ सप्टेंबर १९१० चा दिवस ऋषिपंचमीचाच होता. म्हणून आज शेगावच्या वाटा दिंड्यांनी फुलतात, टाळ-मृदंगांचा गजर होतो, आणि त्याच वेळी घरातील माउली परसातून खुडून आणलेली भाजी निवडीत बसलेली असते.

त्या भाजीविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. परंतु त्यापूर्वी एक कबुली दिलीच पाहिजे. व्यासपीठावर उभे राहून आम्ही आयुष्यभर अन्नब्रह्माचे गुणगान केले, तथापि भाजी नावाच्या पदार्थाशी आमचे सख्य कधीच नव्हते. वयाच्या साठीनंतर आम्ही भाजी खावयास शिकलो.

न आवडणाऱ्याचा त्याग

चातुर्मासात अन्नाची चार व्रते सांगितली आहेत. पहिल्या महिन्यात शाक वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्ये. यांपैकी शाकव्रत आम्ही अत्यंत निष्ठेने पाळीत असू. आषाढी एकादशी उजाडली की पालेभाजी बंद! लोक म्हणत, बुवांचा नेम किती कडक! खरी गोष्ट आमची सौभाग्यवती तेवढी जाणून होती. जे मुळातच नको, ते सोडण्यात कसला आला आहे त्याग? व्रत झाले खरे, पण त्यात तप नव्हते.

श्रावणातील द्वादशीला ते व्रत संपे आणि आमची खरी परीक्षा सुरू होई. कीर्तनकाराच्या वाट्याला मिष्टान्न फार. आज सप्ताहाची पुरणपोळी, उद्या काल्याचा प्रसाद, परवा कोणाकडे शिरा-पुरी. घरी असलो तर बेसन, भात आणि तुपाची धार. ऋषिपंचमीच्या दिवशी आम्ही ऋषींची भाजी पळीभर घेत असू, आचमनासारखी. मुखशुद्धी होईल इतकीच. सौभाग्यवतीने ती पहाटेपासून खपून केलेली असे. तिच्या उपवासाचे तेच एक अन्न, आणि आमच्या पानात मात्र तिचे स्थान तोंडी लावण्याहूनही खालचे.

आमच्या उत्तररंगात द्रौपदीच्या थाळीचे आख्यान हमखास रंगे. दुर्वास ऋषी दहा सहस्र शिष्यांसह वनात आले; सूर्यदत्त थाळी द्रौपदीने जेवण आटोपून घासून ठेवलेली; भगवंताने त्या थाळीच्या कडेला चिकटलेले भाजीचे एक पान मुखात घातले आणि सारे त्रैलोक्य तृप्त झाले. श्रोत्यांचे डोळे पाणावत. एकदा असेच कीर्तन आटोपून घरी जेवावयास बसलो आणि नेहमीप्रमाणे मेथी बाजूला सारली. सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं द्रौपदीचं पान सांगता, पण ते पान तुमच्या पानात पडलेलं मात्र चालत नाही."

आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु ते वाक्य मनात रुतून बसले.

शिदोरीचा प्रसाद

पुढे एकसष्टाव्या वर्षी पाय बधिर वाटू लागले. दोन-अडीच तास उभे राहून कीर्तन करणाऱ्या मनुष्याचे पायच गेले तर उरले काय? डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर बरीच वाढलेली निघाली. गोळ्या लिहून दिल्याच, पण म्हणाले, "बुवा, अर्धे ताट भाजीचे करा. नाहीतर पुढची काही वर्षे बसून कीर्तन करावे लागेल." नारदांच्या गादीवर उभे राहण्याचा आमचा अधिकार आमच्याच जिभेने धोक्यात आणला होता.

निश्चय केला, पण जीभ ऐकेना. चार दिवस दोडके, पाचव्या दिवशी पुन्हा बेसन. अशा स्थितीत सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातील एका लहान गावी कीर्तनास जाण्याचा योग आला. पावसाने नाल्याला पूर आला, गाडी अडकली आणि दिवसभर पोटात अन्न नाही. संध्याकाळी शेतमजुरी करणाऱ्या एका वृद्ध माउलीने झोपडीच्या ओसरीवर आम्हाला बसविले. ज्वारीची गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तरोट्याची भाजी. संकोचून म्हणाली, "महाराज, गोडधोड नाही बापा घरात. वावराच्या धुऱ्यावरचा पाला हाये."

आम्ही जेवलो. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. भूक ही सर्वांत मोठी सुगरण, हे तर खरेच. परंतु त्याहून अधिक काही घडले होते. तो पाला तासापूर्वी खुडलेला, लसणाच्या फोडणीत परतलेला, कोवळा आणि चवदार होता. आमच्या मनात दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथातील त्र्यंबक कवरांची कथा उभी राहिली. भाकरी, कांदा आणि अंबाडीची भाजी अशी साधी शिदोरी घेऊन ते शेगावला निघाले. गाडी चुकली, दुपार टळली. आणि इतरांचे नैवेद्य येत असताही महाराज त्या शिदोरीसाठी न जेवता थांबले. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात जे प्रथम उष्ट्या पत्रावळीवरील अन्न वेचून खाताना दिसले, त्यांना पक्वान्नांची वाण होती काय? आजही भाविक त्यांना झुणका-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य दाखवितात. आम्ही त्या नैवेद्यापुढे हात जोडत आलो. खाण्याच्या वेळी हात आखडता घेत आलो.

शास्त्र काय सांगते

आमच्या पूर्वजांनी शाकाला हलके मानले नाही. जुन्या शास्त्रकारांनी शाकाचे दहा प्रकार मोजले आहेत. मूळ, पान, अंकुर, शेंडा, फळ, दांडा, साल, फूल, एवढेच काय, छत्रीसारखे उगवणारे कवकही त्यांच्या गणनेतून सुटले नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्राने 'भावप्रकाशा'त भाज्यांचे स्वतंत्र वर्णन केले, त्यांचे गुण सांगितले आणि दोषही दाखविले. 'देवीमाहात्म्या'तील जगदंबा शंभर वर्षांच्या अवर्षणात आपल्याच देहातून उगवलेल्या शाकांनी जगाचे पोषण करते आणि शाकंभरी म्हणून वंदिली जाते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्ताकडून काय मागतात? पान, फूल, फळ आणि पाणी. अरणच्या सावता माळ्यांना तर विठ्ठल भेटण्यासाठी मळ्याबाहेर जावे लागले नाही.

आणि ऋषिपंचमी? या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही, असा दंडक. जे नांगरल्यावाचून उगवते, किंवा माणसाने आपल्या हातांनी परसात लावलेले असते, तेवढेच घ्यावयाचे. म्हणून अळू, लाल माठ, अंबाडी, दोडका, पडवळ, भोपळा, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस अशा अनेक भाज्या एकत्र शिजतात. मीठ, हिरवी मिरची, थोडी आंबटी, मसाला नाही. व्रत स्त्रियांचे मानले गेले. भाजी मात्र घरातील साऱ्यांनी खावी, अशीच त्यातील योजना दिसते. पोळ्याला ज्या बैलाची पूजा केली, त्याला पाचसहा दिवसांतच पुन्हा विसावा द्यावयाचा आणि आपल्या अंगणात काय उगवते याची वर्षातून एकदा तरी ओळख करून घ्यावयाची, असा दुहेरी संस्कार या व्रतात आहे.

लगेच पुढे महालक्ष्म्या येतील. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठेवर महानैवेद्य. आपल्या वऱ्हाडात त्या दिवशी सोळा भाज्यांचा आग्रह असतो. सोळावी भाजी मिळाली नाही तर गृहिणी शेजारणीकडून मूठभर कारली मागून आणते. देवीला सोळा हव्यात, हे आपल्याला ठाऊक आहे. मग विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी घरातील मुलांना आलू आणि वांगे यांपलीकडे तिसरी भाजी का दिसू नये?

आपल्या मातीची देणगी

पूर्णेच्या काठी अकोला, अमरावती आणि आपला बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे. बागायती भाजीपाला सहज होत नाही. तरीही पावसाच्या चार महिन्यांत ही भूमी किती देते! तरोटा, घोळ, कुंजर, केना, अंबाडी; झुडपांवर चढलेली कटुर्ली; पुढे हरभऱ्याचा कोवळा पाला. हरभऱ्याचा पाला जुन्या माउल्या वाळवून ठेवीत आणि उन्हाळ्यात शिजवीत. बुलढाण्याच्या डोंगरउतारांवरची सीताफळे, जळगाव जामोद-संग्रामपूरकडील संत्री, अंगणातले पेरू, रानातली बोरे, आवळे. बाजारातील महाग फळ परवडत नाही, हे खरे. परंतु आपल्या दारचे फळ आपण खातो काय?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार प्रौढ मनुष्याच्या दिवसभराच्या अन्नात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. म्हणजे एकूण जवळजवळ दोन पावशेर! आपण तोंडी लावण्यापुरती भाजी खातो, त्याच्याशी हे ताडून पाहावे. हिरव्या पाल्यातील लोह अंगी लागण्यास लिंबू किंवा आवळ्यासारख्या आंबट फळांची जोड उपयोगी पडते, असेही आजचे शास्त्र सांगते. आजीबाई भाजीवर लिंबू पिळीत असे, ते केवळ चवीसाठी नव्हते.

जिभेला वळण कसे लावावे

आता अनुभवाचे चार बोल. बालआहाराचे अभ्यासक सांगतात की नवी चव आवडू लागण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, जिभेवर यावी लागते. आमची जीभ बालकाचीच असल्यामुळे हा नियम आम्हाला तंतोतंत लागू पडला. कारले पहिल्या दिवशी कडू, चौथ्या दिवशी सुसह्य, दहाव्या दिवशी हवेसे झाले. नामस्मरणही प्रथम रुचत नाही. आवर्तनाने गोडी लागते. जिभेचा स्वभावच तसा आहे.

दुसरे असे की, आरंभी एकच भाजी धरावी. दहा प्रकार एकदम आणून मन बिथरवू नये. तिसरे, भाजी फार शिजवू नये. आमच्या नावडीचे निम्मे कारण तासभर रटरटलेला, रंग उडालेला गोळा हे होते. कोवळी भाजी थोड्या तेलात, झाकण न ठेवता परतावी. वरून सांभार आणि लिंबू. चौथे, भुकेच्या प्रहरी पहिला घास भाजीचा घ्यावा. पोट भरल्यावर भाजी कोणाला गोड लागणार? पाचवे, मुलांना रागावून भरवू नये. त्यांच्या हाती चार बिया द्याव्यात. स्वतः लावलेल्या वेलीचे दोडके मूल आपण होऊन मागते, हे आम्ही नातवाच्या बाबतीत पाहिले. आणि फळ हे जेवणानंतरच्या पेढ्याच्या जागी ठेवावे. रस गाळून नव्हे, तर चावून खावे. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कोणते फळ, किती, हे आपल्या डॉक्टरांस विचारावे, हे सांगणे नलगे.

आमचे म्हणाल, तर गोळ्या चालू आहेत, साखर आटोक्यात आहे आणि आम्ही उभे राहून कीर्तन करतो. भाजीने चमत्कार केला असे आम्ही म्हणणार नाही. तिने तिचे काम केले. फक्त आम्ही तिला उशिरा संधी दिली.

धरण्याचे व्रत

आपली व्रते बहुधा सोडण्याची असतात. कोणी कांदा सोडतो, कोणी वांगे, कोणी एक वेळचे जेवण. सोडण्यात पुण्य आहेच. परंतु नावडते सोडणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी धरण्याचे व्रत अधिक कठीण, म्हणून अधिक फलदायी. आजच्या ऋषिपंचमीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत सव्वादोन महिने आहेत. तेवढ्या अवधीत ज्या एका भाजीला आपण आजवर नाक मुरडले, ती आठवड्यातून दोनदा प्रसाद समजून खावी, एवढाच संकल्प करावा. मोजून पाहावे, दहाच्या वर आवर्तने सहज होतील.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सौभाग्यवतीने सवयीप्रमाणे आमच्या पानात पळीभर ऋषींची भाजी वाढली आणि भांडे उचलले. आम्ही म्हणालो, "थांबा, आणखी वाढा." तिने आमच्याकडे क्षणभर पाहिले, काही बोलली नाही, आणि भांडे तेथेच ठेवून दिले. चाळीस वर्षे पहाटे उठून केलेल्या त्या स्वयंपाकाचा नैवेद्य त्या दिवशी पावला, असे आम्हास वाटले. सप्तर्षींनी आमच्याकडे पाहिले की नाही, हे तेच जाणोत. अरुंधतीने मात्र नक्की पाहिले असावे.

॥ शुभं भवतु ॥