गेलेले आटे परत येतात

सायलेन्सर काढायला घेतला आणि नट सुटायच्या ऐवजी अख्खा स्टडच अ‍ॅल्युमिनियमचा चुरा घेऊन बाहेर आला. लेहच्या वाटेवर असं झालं तर पंचाईतच. म्हणून महाराष्ट्रातून रेल्वेने गाडी चंडीगडपर्यंत पाठवून पुढे मनाली-लेह गाठणाऱ्यांनी हे काम डोंगर चढण्याआधीच उरकावं. चंडीगडमधल्या मणीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये माणसं आणि हत्यारं दोन्ही मिळतात. मात्र ‘हेडच बदला’ या सल्ल्याला लगेच मान डोलावू नये.

सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, स्टड पोलादाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक फेरीत आट्यांवर ओढाताण होते. त्यात पावसाचं पाणी. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नट स्टडवर घट्ट धरून बसतो आणि जोर लावला की मऊ अ‍ॅल्युमिनियमच हार मानतं. आवळतानाचा जोरही थोडाथोडका नसतो. ८ मिलिमीटरचा स्टड २० न्यूटन-मीटरने आवळला, तर त्यावर सुमारे १२,५०० न्यूटन ताण येतो, म्हणजे सव्वा टन वजन टांगल्याइतका. हा भार सगळ्या आट्यांत सारखा वाटलाही जात नाही. जवळपास तिसरा हिस्सा पहिला आटा एकटाच पेलतो. ‘अजून जरा आवळ’ म्हणणाऱ्या हाताला हे कळत नाही. टॉर्क पाना वापरायचा तो त्यासाठीच.

यावर खरा उपाय हेलिकॉइलचा. ८ मिलिमीटरच्या स्टडचं भोक ८.३ मिलिमीटरच्या ड्रिलने सरळ मोठं करायचं. ड्रिल तिरकं गेलं की पुढचं सगळं बिघडलं. मग हेलिकॉइलचा खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवायचा, म्हणजे चुरा तुटत राहतो. भोक हवेने साफ केलं की स्टेनलेस तारेचं वेटोळं आत फिरवून बसवायचं. या तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो: बाहेरची धार अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतते, आतल्या बाजूला नवे आटे तयार होतात. वेटोळं मुळात भोकापेक्षा किंचित मोठं, त्यामुळे स्प्रिंगसारखं पसरून घट्ट बसतं. शेवटी तळाची आडवी दांडी मोडून काढायची. आता अ‍ॅल्युमिनियममधले आटे जास्त व्यासाचे, पकड जास्त धातूवर. दुरुस्त केलेलं भोक मूळ भोकापेक्षा मजबूत ठरतं ते यामुळे. विमानाच्या इंजिनांत हीच युक्ती वापरतात.

चंडीगडातच केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत १९६३ पासून इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र चालतं. अशा कामाला लागणारा तिथला काटेकोरपणा त्याच शहरातल्या गॅरेजमध्येही यावा, असं मला मनापासून वाटतं.

नवा सायलेन्सर निवडताना आवाजाच्या मोहात पडू नये. बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्याच नळीत असतात. आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय कैदही होऊ शकते.

बसवताना गॅस्केट नवंच घ्यावं. हेडकडचे नट आधी नुसते बोटांनी लावावेत, मागचा ब्रॅकेट जागेवर आणावा, मग दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत आणि ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी. इंजिन एकदा तापून पूर्ण गार झालं की नट पुन्हा तपासावेत.