पेटी आणि धुराडं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स-व्हरमाँटकडे जुनं घर घेतलं की बैठकीच्या खोलीत बहुधा विटांची फायरप्लेस असते. दिसायला झोकदार, ऊब द्यायला महाकंजूष. उघड्या जाळाची बरीचशी उष्णता धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. म्हणून त्या कोनाड्यात ‘इन्सर्ट’ बसवतात. ही पोलादाची किंवा बिडाची बंद पेटी असते. पुढे उष्णता सोसणाऱ्या काचेचं दार, हवा कमी-जास्त करायला एक दांडी. तेवढ्याच लाकडात कितीतरी जास्त ऊब मिळते.

पैसे मात्र लोक पेटीवर घालतात आणि धुराड्यावर वाचवतात. 1973च्या तेलटंचाईनंतर अशा पेट्यांची लाट आली, तेव्हा अनेकांनी त्या कोनाड्यात नुसत्या सरकवल्या. धूर जाईल आपला वर, असा हिशेब! पण पेटी उष्णता घरात राखते, म्हणजे बाहेर पडणारा धूर तुलनेनं गार असतो. उघड्या जाळासाठी बांधलेल्या ऐसपैस धुराड्यात तो रेंगाळतो, आणि साधारण 120 अंश सेल्सिअसखाली उतरला की त्यातली डांबरी द्रव्यं भिंतींना धरतात. हे क्रिओसोट. आधी भुकटी, मग पापुद्रे, शेवटी काचेसारखा गुळगुळीत लेप. ब्रश त्यावरून नुसता घसरतो. तो पेटला की आतलं तापमान हजार अंशांवर जाऊ शकतं आणि विटांच्या आतलं मातीचं अस्तर तडकतं.

यावर उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलची नळी. बहुतेक वेळा 6 इंच व्यासाची ही नळी छपरावरून सोडून थेट पेटीच्या तोंडाला जोडतात. अरुंद वाटेत धूर गरम राहतो, झपाट्यानं निघतो. नळीभोवती उष्णतारोधक गुंडाळी असेल तर उत्तमच. खाली, जुन्या झडपेपाशी, नळीभोवतीची जागा पत्र्यानं बंद करतात, नाहीतर पेटीची ऊब विटांमागून वर निसटते. धुराड्याचं तोंड छपरापासून किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आतल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा 2 फूट उंच हवं.

तिथल्या एनएफपीए 211 या अग्निसुरक्षा मानकानुसार तपासणी दरवर्षी व्हायला हवी. जाणता कारागीर आधी पेटीत हात घालतो आणि जाळावरच्या, धूर अडवणाऱ्या बॅफलच्या फळ्या काढतो. त्या बऱ्याचदा इतक्या ठिसूळ असतात की ब्रशच्या एका दणक्यात तुकडे व्हावेत. मग एकमेकींत पिरगाळून जोडलेल्या लवचीक काठ्यांवर ब्रश चढतो आणि काजळी भराभर पेटीत पडते. शेवटी दारात डॉलरची नोट धरून दार लावायचं. नोट सहज निसटली तर दाराच्या कडेची हवा रोखणारी दोरी बदलायला झाली.

बाकी सगळं सरपणावर. ओकची फोडलेली लाकडं वाळायला दोन वर्षंही लागतात. ओलावा 20 टक्क्यांखाली हवा, आणि तो मोजायचा ताज्या फोडलेल्या अंगावर, कारण बाहेरून कोरडं दिसणारं लाकूड सर्रास फसवतं. जाळ रात्रभर पुरावा म्हणून हवा पार कोंडून लाकूड धुमसत ठेवणं ही सगळ्यांत वाईट सवय, आणि सगळ्यांत लाडकी. सकाळी काच काळी झालेली दिसली, की वर नळीतही तेच चाललंय असं समजावं.

साफसफाईला थंडीची वाट पाहू नये. उन्हाळ्यातल्या दमट हवेत काजळीचा करपट वास बैठकीत उतरतो. शिवाय कारागीरही तेव्हाच मोकळा सापडतो.